आश्रितेचा शिक्का आणि परिचारिकेचे श्रम

परिचारिकांचा तुटवडा ही धनाढ्य राष्ट्रांची आज नित्याची रड झाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ सालच्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात ५८ लाख परिचारिका कमी होत्या. त्याच अहवालानुसार श्रीमंत देशांतील परिचारिकांपैकी २३ टक्के परिचारिका परदेशांत जन्मलेल्या आहेत. म्हणजे या देशांच्या रुग्णसेवेचा जवळजवळ चौथा हिस्सा इतर देशांच्या लेकींच्या खांद्यावर उभा आहे. असे असताना याच देशांत, याच इस्पितळांपासून हाकेच्या अंतरावर, रीतसर शिक्षण घेतलेल्या, वर्षानुवर्षे वॉर्ड सांभाळलेल्या कित्येक भारतीय परिचारिका घरात बसून आहेत. त्यांच्या हाती कसब आहे, अंगात उमेद आहे, बाहेर त्यांच्या कामाची निकडही आहे. नाही ती फक्त परवानगी. त्यांच्या पारपत्रावर जो शिक्का आहे तो परिचारिकेचा नाही, पत्नीचा आहे. त्या देशाच्या दफ्तरी त्यांची नोंद एकाच शब्दात झालेली आहे: आश्रित.

हा प्रश्न डाव्या चळवळीने आजवर गंभीरपणे हाती घेतलेला नाही. कोणी विषय काढलाच तर बैठकीत एक ठराविक उत्तर ऐकू येते. अमेरिकेत डॉलर कमावणाऱ्या संगणक-अभियंत्यांच्या बायकांची दुःखे हा कष्टकऱ्यांच्या पक्षाचा विषय कसा होऊ शकतो? ऊसतोड कामगार, अंगणवाडी सेविका, कंत्राटी सफाई कामगार यांचे प्रश्न लोंबकळत असताना या सुखवस्तू बायांच्या नोकरीची चिंता कोणी का करावी? हे उत्तर वरवर मोठे वर्गीय वाटते. प्रत्यक्षात ते पुरुषी आहे. स्त्रीचा वर्ग तिच्या नवऱ्याच्या पगारावरून ठरवायचा, तिचे स्वतःचे श्रम, तिने विकलेली वा तिला विकू न दिलेली श्रमशक्ती हिशेबातच धरायची नाही, हीच तर त्या परकीय कायद्याची रीत आहे. कायद्याने तिला आश्रित ठरविले आणि कॉम्रेडांनी त्यावर शिक्कामोर्तब केले, एवढाच त्याचा अर्थ.

एंगल्सने १८८४ मध्ये कुटुंबसंस्थेच्या उगमावर ग्रंथ लिहिला, तेव्हापासून समाजवादी चळवळ हे सांगत आली आहे की स्त्रीमुक्तीची पहिली अट म्हणजे सार्वजनिक उत्पादनात तिचा सहभाग. मग ज्या स्त्रीला त्या सहभागातून कायद्याने बाहेर काढले जाते तिचा प्रश्न आपला नाही असे म्हणणारे समाजवादी कोणत्या समाजवादाविषयी बोलतात?

कायदा कोणाचा कैवारी?

अमेरिकेचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. म्हणून ते तपशिलात पाहिले पाहिजे. तेथे तात्पुरत्या कामासाठी नेलेल्या परदेशी कामगारांच्या पतिपत्नींसाठी व एकवीस वर्षांखालील मुलांसाठी एच-४ ही व्हिसाची श्रेणी १९७० च्या कायद्याने निर्माण झाली. १९९० च्या कायद्याने एच-१बी ही श्रेणी आजच्या स्वरूपात आली आणि पुढे भारतीय संगणक-कामगारांचे लोंढे तिच्यातूनच तिकडे गेले. त्यांच्यामागून एच-४ च्या शिक्क्यावर त्यांच्या बायका गेल्या. या शिक्क्याने राहता येते, शिकता येते, पण कमावता येत नाही. शुल्क भरून विद्यापीठाची तिजोरी भरण्यास तिला मुभा आहे. स्वतःच्या घामाचे चार डॉलर मिळविण्यास बंदी आहे.

एखाद्याला वाटेल की देशांतर्गत कामगारांच्या रक्षणासाठी सर्वच परदेशी पत्नींवर हे निर्बंध असतील. तसे मुळीच नाही. कंपन्यांनी आपल्या अमेरिकी शाखांत बदलून पाठविलेले अधिकारी व खास जाणकार, तसेच करारबद्ध देशांतून येणारे व्यापारी व गुंतवणूकदार यांच्या पतिपत्नींना २००२ च्या आरंभीच कायद्याने कामाची मोकळीक मिळाली. तेव्हा अमेरिकी कामगारांच्या पोटावर पाय येईल ही भीती कोणाला वाटली नाही! कंपनीने आपल्या सोयीसाठी हलविलेल्या माणसाची बायको काम करू शकते, पैसा घेऊन येणाऱ्याची बायको काम करू शकते. श्रम विकायला आलेल्याची बायको मात्र करू शकत नाही. कायद्याचा कैवार कोणाकडे झुकतो हे यापरते स्पष्ट काय असावे?

एच-४ वाल्यांना पहिली फट मिळाली ती २०१५ च्या मे महिन्यात, आणि तीही अटींसह. ज्या नवऱ्याचा कायम वास्तव्याचा अर्ज पहिल्या पायरीवर मंजूर झाला असेल, किंवा त्या अर्जामुळे ज्याला सहा वर्षांपलीकडे मुदतवाढ मिळाली असेल, त्याच्याच पत्नीला कामाचा परवाना मागता येतो. म्हणजे परवाना मागायचा पत्नीने आणि पात्रता सिद्ध करायची नवऱ्याच्या मालकाने. ही परवानगी घेणाऱ्यांत दहांत नऊहून अधिक भारतीय आहेत आणि जवळजवळ तितक्याच प्रमाणात स्त्रिया आहेत. या नियमाविरुद्ध अमेरिकी संगणक-कामगारांच्या एका गटाने न्यायालयात दीर्घ लढा दिला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने नियम वैध ठरविला आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुढची दाद ऐकण्यास नकार दिला. पण त्याच २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस सरकारने दुसऱ्या बाजूने दोर कापला. परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केलेला असेल तर निर्णय लागेपर्यंत काम चालू ठेवता येई; ती आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद करण्यात आली. दफ्तरातल्या कारकुनाने फाईल वेळेवर उघडली नाही तर रात्रपाळीवर उभी असलेली परिचारिका सकाळी बेकायदा ठरते.

कोणी विचारील की परिचारिकेने नवऱ्याच्या आधाराने का जावे, स्वतःच्या हक्काने व्हिसा का मिळवू नये? हा प्रश्न विचारणाऱ्यांना ती वाट कशी बांधून काढली आहे ते ठाऊक नसते. एच-१बी साठी त्या पदाला पदवी अनिवार्य असावी लागते. सामान्य नोंदणीकृत परिचारिकेच्या कामाला ती नेहमीच लागत नाही, या कारणाने बहुतांश परिचारिकांना ते दार बंदच असते. अमेरिकेला निकड भासली तेव्हा १९८९ मध्ये खास परिचारिकांसाठी एक तात्पुरती श्रेणी काढली गेली; ती १९९५ मध्ये संपविण्यात आली. १९९९ मध्ये दुसरी काढली, तीत वर्षाकाठी अवघ्या ५०० परिचारिकांची सोय होती, आणि तीही २००९ मध्ये संपली. गरज पडली की खिडकी किलकिली करायची, गरज भागली की लावून घ्यायची! मार्क्सने ज्याला श्रमिकांची राखीव फौज म्हटले तिची याहून नेटकी व्यवस्था कोणती?

उरते ती कायम वास्तव्याची वाट. नोकरीच्या आधारे द्यावयाच्या परवान्यांत कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळू नये असे बंधन त्या कायद्यात आहे. चिमुकला देश आणि दीडशे कोटींचा भारत या दोघांना एकच माप! परिणामी ज्या तिसऱ्या श्रेणीत बहुतांश परिचारिका मोडतात तीत २०२५ च्या अखेरीस भारतीयांच्या रांगेत २०१३ सालच्या अर्जांचा विचार चालू होता. आज अर्ज करणाऱ्या तिशीतल्या परिचारिकेचा क्रमांक लागेपर्यंत तिची मुले एकवीस वर्षांची होऊन आश्रितांच्या यादीतूनही गळण्याचा धोका असतो. एकीकडे इस्पितळांत खाटा रिकाम्या ठेवाव्या लागतात म्हणून ओरड, दुसरीकडे प्रशिक्षित हातांना बारा वर्षांची रांग. हा विरोधाभास नसून धोरण आहे. कारण अनिश्चिततेत ठेवलेला कामगार वाकतो, हे मालकवर्गाला पक्के ठाऊक आहे.

शिक्क्यामागची स्मृती

'आश्रित' हा शब्द निव्वळ कचेरीतला पारिभाषिक शब्द आहे असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. विवाहानंतर स्त्रीचे स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व नवऱ्याच्या अस्तित्वात विरून जाते, असा इंग्रजी कायद्याचा जुना सिद्धांत होता. अमेरिकेने १९०७ मध्ये त्याच विचाराने असा कायदा केला की परदेशी पुरुषाशी लग्न करणारी अमेरिकी स्त्री आपले नागरिकत्व गमावील. १९२२ मध्ये तो बदलला, पण ज्यांना वर्णामुळे नागरिकत्वच मिळू शकत नव्हते अशा आशियाई पुरुषांशी लग्न करणाऱ्या स्त्रियांची शिक्षा १९३१ पर्यंत चालू राहिली. ब्रिटनमध्ये परदेशी पुरुष आपली बायको सहज आणू शके, पण तेथे स्थायिक झालेल्या स्त्रीला आपला नवरा आणताना अधिक अडथळे होते. हा लिंगभेद आहे असे युरोपीय मानवी हक्क न्यायालयाला १९८५ मध्ये सांगावे लागले.

आजचा कायदा अर्थातच पती आणि पत्नी असा भेद शब्दांत करीत नाही. परिचारिका पत्नी प्रमुख आणि नवरा आश्रित अशीही कुटुंबे आहेत. केरळच्या कित्येक घरांचा इतिहास असाच आहे. परिचारिका आधी गेल्या, नवरे मागून गेले आणि हाती पडेल ते काम करीत राहिले. त्या पुरुषांची घुसमटही खरी होती. पण ज्या व्यवस्थेत मुलीच्या शिक्षणापेक्षा मुलाच्या नोकरीला आणि मुलीच्या नोकरीपेक्षा तिच्या लग्नाला अधिक मोल आहे, तेथे शब्दांत समान असलेला कायदा व्यवहारात बहुतेक वेळा स्त्रीवरच कोसळतो. १९२७ च्या डिसेंबरात महाडला डॉ. आंबेडकरांनी मनुस्मृतीचे दहन केले. स्त्रीने कायम कोणाच्या तरी अधीन असावे ही त्या ग्रंथाची शिकवण राखेबरोबर संपली अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी एच-४ चा शिक्का एकदा डोळ्यांखालून घालावा. ग्रंथ संस्कृतात होता, शिक्का इंग्रजीत आहे. आशय फारसा निराळा नाही.

या अधीनतेचे परिणाम केवळ आर्थिक नाहीत. नवऱ्याची नोकरी गेली की त्याला नवा मालक शोधण्यास साधारणतः साठ दिवस मिळतात. ते सरले की त्याचा हक्क संपतो आणि त्याच्याबरोबर पत्नीचाही. तिने परीक्षा दिलेली असो, इस्पितळात रुजू झालेली असो, रुग्ण तिची वाट पाहत असोत. घटस्फोट झाला तरी तेच. आणि नवरा हात उगारणारा असेल तर? अशा पीडित पत्नीला कामाची परवानगी देण्याची तरतूद अमेरिकेच्या २००५ च्या कायद्यात झाली. प्रत्यक्ष अर्ज घेण्यास आरंभ झाला २०१७ मध्ये. मधली अकरा-बारा वर्षे मार खाणाऱ्या स्त्रीसमोर कायदा कागदावर होता आणि दार बंद होते. ज्या हाताला स्वतःची मिळकत नाही तो हात दार उघडून बाहेर कसा पडणार, हा साधा प्रश्न कायदेपंडितांना सुचायला एवढा काळ लागला.

नाव, कागद आणि तास

समजा, परवाना मिळाला. तरी परिचारिकेची वाट तेथून पुढे सुरू होते. सोलापूर, लातूर किंवा अमरावतीच्या एखाद्या परिचर्या विद्यालयात शिकलेली मुलगी डोळ्यांसमोर आणावी. तिचे गुणपत्रक, पदविका, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी, सर्व काही वडिलांच्या नावाने आणि माहेरच्या आडनावाने आहे. लग्नानंतर पारपत्रावर नवऱ्याचे नाव आणि सासरचे आडनाव चढले. कोठे कोठे तर पहिले नावही बदलले गेले. आता परदेशातील परिचर्या मंडळाला सिद्ध करून द्यायचे की कागदावरची ती आणि पारपत्रावरची ही एकच बाई आहे. विवाहाचा दाखला, शपथपत्र, राजपत्रातील घोषणा यांची जुळवाजुळव सातासमुद्रापलीकडून करायची. लग्नात कौतुकाने तांदळात लिहिलेले नाव असे कचेरीच्या टेबलावर अडसर होऊन उभे राहते.

पुढे शिक्षणसंस्थेकडून विषयवार व प्रात्यक्षिकांच्या तासांचा तपशील मागवायचा, परिषदेकडून पडताळणी थेट परदेशी संस्थेकडे धाडून घ्यायची, इंग्रजीची परीक्षा द्यायची, अमेरिकेत एनक्लेक्स उत्तीर्ण व्हायचे. काही राज्यांत परिचर्येच्या परवान्याच्या अर्जाला सामाजिक सुरक्षा क्रमांक हवा असतो, आणि तो क्रमांक साधारणपणे ज्याला कामाची परवानगी आहे त्यालाच मिळतो. या सर्व खटाटोपाचे शुल्क कोणाच्या खिशातून जाते? अर्थात नवऱ्याच्या. मग पहिल्या वर्षीच्या भांडणात त्याचा उल्लेख होणार नाही अशी घरे किती?

आणि या सर्वांवर घड्याळ चालू असते. परिचर्या हे हाताचे कसब आहे. हात थांबले की कसब उणे होते, हे खरे आहे आणि रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी नियामक संस्थांनी त्याकडे पाहणेही रास्त आहे. ब्रिटनमध्ये नोंदणी टिकवायची तर तीन वर्षांत ४५० तास काम दाखवावे लागते. ऑस्ट्रेलियात गेल्या पाच वर्षांतील ४५० तासांची अट आहे. पण जिला कायद्यानेच कामापासून दूर ठेवले तिने तास आणायचे कोठून? एक कायदा तिला बसवून ठेवतो आणि दुसरा तिला विचारतो की तू बसून का राहिलीस? पाच-सहा वर्षे अशी गेली की अतिदक्षता विभागात काम केलेली परिचारिका पुन्हा नवशिकी ठरते. हे नुकसान तिचे एकटीचे नाही. तिच्या शिक्षणावर जे सरकारी विद्यालय, जे जिल्हा रुग्णालय खर्ची पडले त्या जनतेचेही ते आहे.

ब्रिटनची नवी शक्कल

ब्रिटनमध्ये चित्र निराळे आहे असे सांगितले जाते, आणि काही अंशी ते खरे आहे. तेथे कुशल कामगाराच्या आश्रित पतिपत्नीला काम करण्याची मोकळीक आहे. परंतु कामाची मोकळीक आणि परिचारिका म्हणून काम यांत अंतर आहे. परिचर्या परिषदेची लेखी व प्रात्यक्षिक चाचणी पार होईतो ती परिचारिका नव्हे. तोवर इस्पितळात वा वृद्धाश्रमात साहाय्यिकेचे काम, साहाय्यिकेचे वेतन. अनुभव परिचारिकेचा, जबाबदारी निम्मी परिचारिकेची, पगार मात्र खालच्या पायरीचा. याला वरकड श्रम नाही तर काय म्हणावे?

शिवाय तेथील सार्वजनिक आरोग्यसेवेच्या नावाने प्रत्येक स्थलांतरिताकडून अधिभार घेतला जातो. २०१५ मध्ये तो वर्षाला २०० पौंड होता. २०२४ च्या फेब्रुवारीपासून १०३५ पौंड झाला आहे, आणि तो साऱ्या मुदतीचा एकदम आगाऊ भरावा लागतो. आरोग्यसेवकांच्या खास व्हिसाला यातून सूट आहे. पण संगणक-अभियंत्याची आश्रित म्हणून गेलेल्या परिचारिकेने तो आधी भरायचा आणि त्याच सेवेत राबल्यावर सहा-सहा महिन्यांनी परत मागायचा!

करोनाच्या काळात ज्यांच्यासाठी दारात उभे राहून टाळ्या वाजविल्या गेल्या त्यांचे पुढे काय झाले तेही पाहावे. मनुष्यबळ कमी पडले तेव्हा शुश्रूषा-सेवकांना व्हिसाचे दार उघडले. कित्येक भारतीय परिचारिका, नोंदणीची वाट लांब म्हणून, शुश्रूषा-सेविका होऊन त्या दारातून गेल्या. ११ मार्च २०२४ पासून अशा नव्या सेवकांना पतिपत्नी वा मुले सोबत आणण्यास बंदी झाली. जुलै २०२५ मध्ये परदेशांतून नवे शुश्रूषा-सेवक घेणेच थांबविण्यात आले. म्हणजे प्रथम श्रम हवे होते पण कुटुंब नको होते. नंतर श्रमही नकोसे झाले. अमेरिका कुटुंबाला येऊ देते आणि श्रमाला मनाई करते, ब्रिटन श्रम घेते आणि कुटुंबाला मनाई करते. दोहोंचे मर्म एकच. कामगार हा हातापायांचा संच आहे. त्याला घर आहे, पोर आहे, स्वतःची इच्छा आहे, ही गोष्ट मान्य करण्याची भांडवली राज्यसंस्थेची तयारी नाही.

घरातले दोषी

परकीयांवर आसूड ओढून स्वदेशीयांना मोकळे सोडणे ही राष्ट्रवाद्यांची रीत झाली; समाजवाद्यांची नव्हे. परिचारिका देश का सोडते, लग्नाच्या बाजारात 'परदेशातले स्थळ' आले की हातची नोकरी का टाकते, याचे उत्तर येथल्या इस्पितळांत आहे. भारतात दर हजार लोकसंख्येमागे सुमारे दोन परिचारिका आहेत. तीन असाव्यात असा निकष सांगितला जातो. तुटवडा असेल तर वेतन वाढावे, असे बाजाराचे शास्त्र सांगते. प्रत्यक्षात काय घडले? सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या जानेवारीत खासगी इस्पितळांतील परिचारिकांच्या दुःस्थितीची दखल घेऊन समिती नेमण्याचा आदेश दिला. समितीने शिफारस केली की दोनशेहून अधिक खाटांच्या इस्पितळात वेतन शासकीय परिचारिकेएवढे असावे, आणि पन्नासहून कमी खाटांच्या इस्पितळातही ते वीस हजारांच्या खाली नसावे. दहा वर्षे होत आली. अनेक खासगी इस्पितळांत ही शिफारस आजही कागदावरच आहे. प्रमाणपत्रे अडकवून ठेवणारी बंधपत्रांची वेठबिगारी तर शहाण्यासुरत्या शहरांतही चालत आली.

सरकारी सेवेची कथा निराळी नाही. २०२२ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातील शासकीय परिचारिका संपावर गेल्या, त्या मुख्यतः बाह्यस्रोतांतून कंत्राटी भरती करण्याच्या बेताविरुद्ध. ज्या शासनाला कायम पदे भरण्यास पैसा सापडत नव्हता, त्याच शासनाने २०२४ च्या फेब्रुवारीत जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार करून दहा हजार कुशल मनुष्यबळ पाठविण्याची घोषणा केली. त्यात परिचारिकाही आहेत. येथे पद नाही म्हणून तेथे पाठवा! आपल्या लेकी निर्यात करून ते धोरण म्हणून मिरविणाऱ्यांना लाज कशी वाटत नाही? सावित्रीबाई फुले १८९७ मध्ये पुण्यातील प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. त्यांच्या नावाने पुरस्कार वाटणाऱ्या राज्यात रुग्णसेवा कंत्राटावर दिली जाते आणि सेविकेला परदेशाचा रस्ता दाखविला जातो.

काय मागायचे?

येथे दोन चुकीच्या मागण्यांपासून सावध राहिले पाहिजे. परिचारिकांना परदेशी जाण्यास बंदी करा, त्यांच्याकडून बंधपत्रे लिहून घ्या, अशी भाषा काही देशभक्त करतात. कामगाराला पायाशी बांधून ठेवणे हा सरंजामदाराचा मार्ग आहे. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी नवऱ्यावाचून एकट्या अमेरिकेस निघाल्या, तेव्हाही धर्म बुडाल्याची अशीच ओरड झाली होती. जाण्याचा हक्क, राहण्याचा हक्क आणि परतण्याचा हक्क, तिन्ही तिचेच आहेत.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. त्या देशातील कामगारांचे वेतन पडेल म्हणून आश्रितांवरील निर्बंध योग्यच आहेत, असे काही कामगारनेतेही म्हणतात. वेतन पडते ते परदेशी कामगार आल्याने नव्हे. तो मालकाच्या मर्जीवर टांगलेला असल्याने. जो नोकरी सोडू शकत नाही, संघटनेत बोलू शकत नाही, ज्याच्या पत्नीचाही हक्क त्याच्या मालकाच्या कागदावर अवलंबून आहे, तो कमी वेतन मुकाट्याने स्वीकारतो. त्याला आणि तिला मोकळे करा, समान वेतन द्या, संघटनेत घ्या. स्थानिक कामगाराचे वेतन आपोआप सावरेल. बेडी घातलेला कामगार शेजारच्या मोकळ्या कामगाराचेही मोल घटवितो, हे शंभर वर्षांच्या कामगार चळवळीचे शहाणपण विसरून चालणार नाही.

असे निर्बंध अटळ नसतात, याचा पुरावा आयर्लंडमध्ये आहे. तेथे भारतीय व अन्य स्थलांतरित परिचारिका आणि साहाय्यिका संघटित झाल्या. कुटुंबांच्या ताटातुटीचा आणि आश्रितांच्या कामाच्या हक्काचा प्रश्न त्यांनी लावून धरला. विशेष कौशल्याचा परवाना असलेल्यांच्या पतिपत्नींना २०१९ च्या मार्चमध्ये, तर सर्वसाधारण परवानाधारकांच्या पतिपत्नींना २०२४ च्या मेमध्ये स्वतंत्र परवान्यावाचून काम करण्याची मोकळीक मिळाली. ज्या देशाची लोकसंख्या मुंबईच्या निम्म्याहून कमी, त्या देशातील मूठभर परक्या स्त्रियांना जे साधते ते कोट्यवधींच्या देशाच्या सरकारला वाटाघाटीच्या मेजावर का साधत नाही? कारण व्यापार-करारांत आपले सरकार कंपन्यांसाठी व्हिसा मागते, त्या व्हिसाच्या सावलीत बसलेल्या स्त्रियांसाठी तोंड उघडत नाही.

म्हणून पक्षाने आणि पक्षाशी संलग्न कामगार संघटनांनी स्पष्ट मागण्या मांडल्या पाहिजेत. परदेशांशी होणाऱ्या प्रत्येक श्रम व व्यापार करारात आश्रित पतिपत्नीच्या कामाच्या स्वतंत्र हक्काचे कलम असावे, आणि विवाह मोडला वा जोडीदाराची नोकरी गेली तरी तो हक्क मोडू नये. परिचर्या परिषदांनी परदेशी पडताळणीचे अर्ज ठराविक मुदतीत निकालात काढावेत, आणि नावबदलाच्या प्रकरणांत विवाहाचा दाखला पुरेसा मानावा. परदेशात कामाविना राहिलेल्या वा परत आलेल्या परिचारिकांसाठी जिल्हा रुग्णालयांत सवेतन उजळणी अभ्यासक्रम सुरू करावेत, म्हणजे पाच वर्षे बसलेला हात पुन्हा रुग्णाला लागेल. रिक्त पदे कायमस्वरूपी भरावीत, समितीने शिफारस केलेले किमान वेतन कायद्याने बंधनकारक करावे आणि प्रमाणपत्रे अडविणाऱ्या इस्पितळांवर फौजदारी कारवाई करावी. येथील परिचारिका संघटनांनी परदेशांतील परिचारिका संघटनांशी थेट संबंध जोडावेत. जिला संघटनेचे सभासदत्व हवे आहे तिला नोकरी नाही म्हणून दार बंद करू नये.

शेवटी कार्यकर्त्यांनी स्वतःच्या घराकडेही पाहावे. किती कार्यकर्त्यांच्या घरांत मुलीचे, बहिणीचे लग्न ठरविताना 'मुलगा परदेशात आहे' एवढे पुरेसे मानले जाते? तिच्या शिक्षणाचे तेथे काय होणार, कोणता शिक्का बसणार, कामाची परवानगी कधी आणि कोणाच्या कागदावर मिळणार, हे किती बाप विचारतात? सोने किती घालायचे याची बोलणी दोन दिवस चालतात. तिच्या नोंदणीच्या नूतनीकरणाचे नाव कोणी काढीत नाही. आश्रितेचा शिक्का वॉशिंग्टनच्या कचेरीत उमटतो खरा, पण त्याची शाई पुष्कळदा येथल्या मांडवातच कालवली जाते. ती शाई येथे सुकविल्यावाचून तेथला शिक्का पुसण्याची भाषा करण्याचा अधिकार कोणालाही नाही.